पेटीला वाचा देणारा कलावंत : गोविंदराव टेंबे

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत असा एकही उत्सव झाला नसेल, की ज्यात बाजाची पेटी वाजली नाही. गणेशोत्सवातील आरती, कोजागिरीचे गाणे, रामनवमीचे कीर्तन, मुलांची नाटुकली, या सर्वांना पेटीचीच साथ. तरीही निमंत्रणपत्रिकेत गायकाचे नाव ठळक अक्षरांत, तबलजीचे त्याखाली आणि पेटीवाल्याचे सर्वांत शेवटी, असाच रिवाज सर्वत्र आढळतो. पेटी ही दुसऱ्याच्या मागून जाणारी, गायकाने श्वास घेतला की मधली जागा भरून काढणारी, अशीच तिची ओळख. या दासीला स्वतःच्या पायावर उभे करून, शब्दावाचून आणि गायकावाचून तिने एकटीने मैफल रंगवावी असा मान तिला ज्यांनी महाराष्ट्रात मिळवून दिला, त्या कै. गोविंद सदाशिव टेंबे यांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करावे असे आम्हांस वाटले. काशीत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींवर त्यांचे एक निराळेच ऋण आहे. ते कोणते, हे त्यांच्या चरित्राच्या ओघात स्पष्ट होईल.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूर परिसरात झाला. ज्या काळात त्यांचे कान तयार झाले, तो काळ करवीरनगरीच्या सांगीतिक वैभवाचा होता. १८८३ साली स्थापन झालेला तेथील देवल क्लब हे गानरसिकांचे हक्काचे ठिकाण होते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे उत्तरेतील थोर कलावंत कोल्हापुरात येऊन स्थिरावत होते. पुढे जयपूर घराण्याचे अध्वर्यू म्हणून कीर्ती पावलेले अल्लादियाखाँ १८९५च्या सुमारास कोल्हापूर दरबारी दाखल झाले, तेव्हा गोविंदराव अवघे चौदा वर्षांचे होते. कोवळ्या वयात असे गाणे कानांवर पडणे हे भाग्यच; परंतु ते भाग्य ओळखून त्याचे चीज करणे हे ज्याच्या त्याच्या हाती असते. कोल्हापुरातील कित्येकांनी ते गाणे ऐकले. गोविंदरावांनी ते बोटांत साठविले.

पेटी हे वाद्य त्या वेळी आपल्या देशात नवखेच होते. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४०च्या दशकात हार्मोनियम सिद्ध केला. मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून तो हिंदुस्थानात आला. पायांनी भाता हलवून वाजविण्याचे ते धूड आपल्या बैठकीला सोयीचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला मांडी घालून वाजविण्याजोगे, डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने पट्ट्या, असे रूप दिले आणि मग पेटी झपाट्याने घराघरांत शिरली. कीर्तनकाराला ती सोयीची, नाटक मंडळीला सोयीची, शाळामास्तरला सोयीची. सारंगीप्रमाणे तिला घडोघडी सुरात लावावे लागत नाही, तानपुऱ्याप्रमाणे तिच्या तारा हवापाण्याने उतरत नाहीत. मात्र जी वस्तू सर्वांना सोयीची, तिची प्रतिष्ठा बेताचीच राहते. थोर गवई तिला सारंगीच्या पंक्तीस बसवीत नसत आणि शास्त्रकार तर तिच्या नावाने नाकच मुरडीत.

त्यांची तक्रार निराधार नव्हती, हे येथेच सांगितले पाहिजे. पियानोप्रमाणेच पेटीचेही स्वर कायमचे ठरलेले असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ते बसविलेले असतात. आपल्या संगीतात मात्र स्वराला स्वभाव असतो. दरबारी कानड्यातील कोमल गांधार नेहमीच्या गांधाराहून खाली बसतो, आणि तोही स्थिर न राहता हेलकावे घेतो. पेटीच्या पट्टीला हा हेलकावा ठाऊक नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, म्हणजे मींड, ही तर आपल्या गाण्याचा प्राण. पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसते. अशा वाद्यावर ख्याल वाजवावयाचा, ही कल्पनाच त्या काळच्या जाणत्यांना हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाही.

गोविंदरावांचे मोठेपण हे की, या उणिवा नाकारण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. पेटीवर गाणे उतरवावयाचे तर आधी गाणे अंगी मुरले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांना गाण्याची खरी दृष्टी लाभली ती गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या सहवासात. भास्करबुवा (१८६९–१९२२) हे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या पचविलेले गवई. गोविंदरावांनी त्यांना गुरुस्थानी मानले आणि त्यांच्या असंख्य मैफलींत पेटीची साथ केली. साथ करणे म्हणजे गायकाच्या मनात पुढे काय येणार याचा अंदाज घेत त्याच्या अर्धे पाऊल मागे राहणे. वर्षानुवर्षे असे चालल्यावर गायकाची विचार करण्याची रीतच साथीदाराची होऊन जाते. दुसरीकडे अल्लादियाखाँसाहेबांची अवघड, वळणावळणाची गायकी श्रवणाने आत्मसात करणे चालूच होते. अशा रीतीने गोविंदरावांची पेटी गाऊ लागली.

पेटीचे वादन गायकी अंगाचे होते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण पुढील पिढ्यांना ऐकण्याची दृष्टी त्यातूनच मिळते. पहिली गोष्ट भात्याची. नवशिका भाता एकसारखा हापसतो आणि सूर एकसारखा ओरडतो. जाणकार वादकाचा भाता हा त्याचा श्वास असतो. वारा कमी-अधिक सोडून तो सूर लहान-मोठा करतो, समेवर हलकेच जोर देतो, ओळ संपताना सूर विरू देतो. दुसरी गोष्ट बोटांची. एक पट्टी सोडण्यापूर्वीच दुसरी दाबली, आणि तीही नेमक्या क्षणी, तर दोन स्वरांमधील फट बुजते. मधल्या स्वराचा निसटता कण लावला, तर कानाला मींड घेतल्याचा भास होतो. हा भासच असतो, परंतु चित्रातील खोलीही भासच असते आणि त्यासाठी चित्रकाराला कोणी खोटा ठरवीत नाही. तिसरी गोष्ट विश्रांतीची. पेटीचा सूर वारा आहे तोवर मरत नाही, म्हणून कोठे थांबावे हे न कळणारा पेटीवादक श्रोत्याला जेरीस आणतो. गळ्याला दम लागतो, म्हणून गायक थांबतो. पेटीवादकाला विवेकानेच थांबावे लागते. या तीन गोष्टी साधल्या की शब्द नसतानाही पेटी बोलते. गोविंदरावांच्या एकल वादनाला महाराष्ट्रातील रसिक स्वतंत्र मैफल म्हणून बसू लागले, ते यामुळेच.

त्यांच्या कीर्तीचा डंका मात्र सर्वत्र वाजला तो रंगभूमीमुळे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे संगीत ‘मानापमान’ हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि पदांना चाली दिल्या होत्या गोविंदरावांनी. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचेही नव्हते. त्या रात्रीची हकीकत मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे त्याच दिवशी निधन झाले असताही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. त्या दुःखाच्या पार्श्वभूमीवर गायिल्या गेलेल्या त्या पदांनी मराठी नाट्यसंगीताचे वळणच बदलून टाकले.

हे वळण काय होते? तोपर्यंत नाटकातील पदांना साक्या-दिंड्या, लावण्या, कीर्तनातील आणि कर्नाटकी वळणाच्या चाली, तसेच ख्यालाच्या प्रचलित चिजा, असा मालमसाला मिळत असे. गोविंदरावांनी त्यात पूरब अंगाचा रंग मिसळला. पूरब म्हणजे आपली ही काशी, लखनौ आणि गंगेकाठचा सारा प्रदेश. येथील ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांची नखरेल, भावपूर्ण वळणे त्यांनी उत्तरेच्या गायक-गायिकांच्या गाण्यातून टिपली आणि मराठी शब्दांना बेमालूम चढविली. मराठी प्रेक्षकाला ती परकी वाटली नाहीत. कृष्णेकाठच्या आणि मुळामुठेकाठच्या घरांतून ती पदे गुणगुणली जाऊ लागली आणि ती गंगेकाठाहून आली आहेत, हे गुणगुणणाऱ्याला ठाऊकही नव्हते.

आपल्यावरील ऋण ते हेच. पोटापाण्यासाठी, विद्येसाठी किंवा क्षेत्रवासासाठी आपले पूर्वज काशीस आले आणि येथे दोन गाण्यांमध्ये वाढले, घरात नाट्यपद आणि घराबाहेर ठुमरी. ही दोन्ही आपणांस निरनिराळी वाटतात. गोविंदरावांच्या चाली लक्षपूर्वक ऐकल्या म्हणजे कळते की, ती एकाच मातीची आहेत. येथे आणखी एका नात्याची नोंद केली पाहिजे. ठुमरीच्या बैठकीत पेटीला मानाचे स्थान मिळवून देणारे भैया गणपतराव हे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील, जयाजीराव महाराजांचे पुत्र. बनारसी ठुमरीचे विख्यात गायक मौजुद्दीनखाँ यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले होते. म्हणजे मराठी राजघराण्यातील एका पुरुषाने पेटी आणि पूरबची ठुमरी यांची गाठ उत्तरेत बांधली, आणि कोल्हापूरच्या एका पेटीवादकाने तीच गाठ दक्षिणेत नेऊन मराठी पदाशी बांधली. देवाणघेवाण म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील हे सोनेरी पान सर्वश्रुत आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. थोड्याच वर्षांत गोविंदराव त्या संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नट, गायक, संगीतरचनाकार, नाटककार आणि व्यवस्थापक ही सारी कामे एका माणसाने करावयाची, असा तो संसार. त्या काळातील नाटक मंडळ्यांचे जे होत असे, तेच अखेर तिचेही झाले, ती टिकली नाही. परंतु या धडपडीतून नाटककार गोविंदराव पुढे आले. ‘पटवर्धन’, ‘वरवंचना’ यांसारखी नाटके त्यांनी लिहिली. ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ अशा संगीतिकाही रचल्या.

त्यांच्या ‘तुलसीदास’ नाटकाचा उल्लेख आपण काशीकरांनी विशेष आदराने केला पाहिजे. असीजवळच्या ज्या घाटावरून आपण नेहमी जातो, तो तुलसीघाट ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गोस्वामीजींचे जीवन मराठी रंगभूमीवर आणण्याची बुद्धी कोल्हापूरच्या या कलावंताला झाली. रामरंगी रंगलेल्या मनाचे त्या नाटकातील पद पुढे पं. भीमसेन जोशी यांच्या कंठातून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचले. ते ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ते तुलसीदासांवरील नाटकातील आहे हे ठाऊक असेल? काशीचा संत कोल्हापूरच्या लेखणीतून आणि धारवाडकडच्या गळ्यातून घरोघरी गेला, हा योग खरोखर विलक्षण म्हटला पाहिजे.

यानंतर चित्रपटाचे युग आले. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्याचे नाव कायमचे राहिले आहे. त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. राजा हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत अशी दुहेरी जबाबदारी गोविंदरावांनी उचलली, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या. पार्श्वगायनाची सोय त्या वेळी नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून अभिनयही करावयाचा, गावयाचेही, आणि वादकांनी दृष्टीआड बसून तत्क्षणी साथ द्यावयाची, असा प्रकार होता. वचनाखातर राज्य सोडून काशीच्या बाजारात स्वतःस विकून घेणारा, स्मशानात पहारा करणारा तो सत्यवचनी राजा केदारघाटाशेजारच्या हरिश्चंद्र घाटामुळे आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. मराठी बोलपटाने पहिल्यांदा तोंड उघडले ते या नगरीची कथा सांगण्यासाठी, आणि त्या राजाला आवाज दिला तो गोविंदरावांनी. पुढे ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्यांनी मच्छिंद्रनाथाची भूमिका केली. ‘अग्निकंकण’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ या प्रभातच्या चित्रपटांना त्यांचेच संगीत होते.

उतारवयात त्यांनी लेखणी हाती घेतली. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) आणि ‘माझा जीवनविहार’ (१९४८) हे त्यांचे ग्रंथ मराठी संगीतविषयक वाङ्मयात आजही आदराने वाचले जातात. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. गवयांविषयी लिहिताना केवळ आख्यायिका सांगून न थांबता, कोणाच्या गाण्यात काय होते आणि ते कसे होते, याची चिकित्सा करणारे लेखक त्या काळी विरळाच. ज्याची बोटे स्वतः गायकी शोधीत हिंडली, त्यालाच असे लिहिता येते.

नेमक्या याच काळात त्यांच्या आवडत्या वाद्यावर संकट कोसळले. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओच्या सर्व केंद्रांवर पेटीला मज्जाव करण्यात आला. लायोनेल फील्डन हे त्या वेळी त्या खात्याचे प्रमुख होते. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या महाकवीचाही पेटीस विरोध होता. ती परकी आहे, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, तिच्यावर मींड निघत नाही, हे आक्षेप. परकी म्हणावे तर सारंगीची जागा घेऊ पाहणारे व्हायोलिनही परकेच होते, परंतु त्याच्यावर मींड निघते म्हणून ते बचावले. स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. संगीताचे जाणकार आणि शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्याही कारकिर्दीत पेटी नभोवाणीच्या दाराबाहेरच राहिली. सरकारी कागदांत ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांला हे ठाऊक आहे की, आदेश काढण्यास एक सही पुरते आणि तो मागे घेण्यास एक पिढी लागते. १९७१च्या सुमारास साथीपुरती बंदी शिथिल झाली. स्वतंत्र वादनाला मात्र त्यानंतरही दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले, तेव्हा देशाच्या नभोवाणीवर त्यांच्या वाद्याला प्रवेश नव्हता. ज्या पेटीला त्यांनी स्वतंत्र आसन मिळवून दिले, तिला साथीचीही जागा उरली नव्हती. या घटनेत केवळ अन्याय पाहणे योग्य होणार नाही, कारण आक्षेप घेणारेही संगीतावर प्रेम करणारे होते. परंतु वाद्याची परीक्षा त्याच्या जन्मस्थानावरून किंवा त्याच्या उणिवांच्या यादीवरून करावयाची, की त्या उणिवांवर मात करणाऱ्या कलावंताला ऐकून करावयाची, हा प्रश्न त्या बंदीने विचारलाच नाही. गोविंदरावांचे सारे आयुष्य म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित झाला आहे, तोही आपल्याच घरांतून. आपली मुले-नातवंडे कानांत यंत्रे अडकवून तासन् तास काहीतरी ऐकत असतात. आम्ही चौकशी केली असता कळले की, त्यात पुष्कळदा गाणे नसतेच. एकटा पियानो वाजत असतो, संथ, मोकळा, मध्ये मध्ये थांबणारा. कधी नुसताच स्वरांचा धुक्यासारखा पसारा असतो, ज्याला आरंभ नाही आणि शेवटही नाही. या प्रकाराला पश्चिमेकडे इतिहास आहे. पॅरिसच्या एरिक सातीने विसाव्या शतकाच्या आरंभी, खोलीतील सामानासारखे नुसते असावे अशा संगीताची कल्पना मांडली. ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराने १९७८ साली विमानतळासाठी म्हणून एक ध्वनिमुद्रिकाच काढली. लक्ष द्यावे तर द्यावे, न द्यावे तरी चालावे, असे ते संगीत. घरातील वडीलधारी माणसे याला गाणे म्हणावयास तयार नसतात.

आम्हांस मात्र त्यात आशा दिसते. पियानो आणि पेटी या एकाच कुळातल्या बहिणी. दोहोंचे स्वर बांधलेले, दोहोंवर मींड नाही. फरक एवढाच की, पियानोचा सूर आघाताबरोबर जन्मतो आणि लगेच विरू लागतो, तर पेटीचा सूर भाता सांगेल तोवर तग धरतो. पियानोवादक विरणाऱ्या सुराभोवती शांतता पेरतो. पेटीवादक न विरणाऱ्या सुराला कोठे थांबवावे हे ठरवितो. आणि धुक्यासारखा अखंड स्वर म्हणाल, तर तानपुऱ्याच्या देशात त्याचे नवल ते काय! ज्या मुलाचा कान शब्दावाचून एका वाद्याला तासभर देण्यास तयार झाला आहे, तो कान गोविंदरावांच्या पेटीसाठी अर्धा तयारच आहे. राहिलेला अर्धा आपण तयार करावयाचा आहे. मागे वाजत राहणारे आणि समोर बसून ऐकावयाचे, या दोहोंतील भेद त्याला दाखवावयाचा आहे.

गोविंदरावांच्या वादनाच्या ज्या थोड्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास मिळतात, त्या याच हेतूने ऐकाव्यात. त्या काळच्या मुद्रिकेच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ मिळत नसे. तासाभराचा राग तेवढ्यात मांडावयाचा म्हणजे एकही स्वर वाया घालवून चालत नाही. खरखर प्रथम कानाला बोचते, पण दोन-तीनदा ऐकल्यावर मन ती आपोआप बाजूला सारते. मग भात्याचा श्वास ऐकू येतो, बोटांनी जोडलेले सूर ऐकू येतात आणि कोठे थांबले तेही ऐकू येते. त्यांच्यानंतर हा वारसा चालविणारे पी. मधुकर, मनोहर चिमोटे, पं. तुळशीदास बोरकर हे स्वतंत्र वादनासाठी, आणि गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर हे प्रामुख्याने असामान्य साथीसाठी ओळखले गेले. पु. ल. देशपांड्यांसारखा साहित्यिक पेटीवर जीव टाकीत असे, हेही सर्वांस ठाऊक आहे. या साऱ्यांचे वादन आज सहज उपलब्ध आहे.

परमुलुखात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना एक चिंता सतत ग्रासून असते. तिसऱ्या पिढीला मराठी बोलता येते, परंतु खाडिलकरांचे शब्द समजत नाहीत. पदाचा अर्थ सांगावा लागला की पदातील गोडी ओसरते. अशा वेळी पेटीवर वाजलेले तेच पद त्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. हिंदीत शिकलेल्या, इंग्रजीत नोकरी करणाऱ्या आणि उद्या सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या नातवालाही ते ऐकता येते आणि आवडले तर आपलेसे करता येते. भाषेचे दार अर्धवट मिटले असता सुराचे दार उघडे ठेवण्याचे सामर्थ्य या साध्या लाकडी पेटीत आहे. ते सामर्थ्य तिच्यात आहे हे गोविंदरावांनी सिद्ध करून दाखविले, आणि काशीच्या सुरांनी मराठी पद सजवून त्या दाराबाहेरचे अंगणही आपलेच असल्याचे जाणवून दिले.

आपल्या मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत एखाद्या तरी उत्सवात, गायक येण्यापूर्वी वेळ भरून काढण्यासाठी नव्हे, तर मुख्य कार्यक्रम म्हणून, एकट्या पेटीचे वादन ठेवले जावे, आणि निमंत्रणपत्रिकेत वादकाचे नाव सर्वांत वर छापले जावे, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही कै. गोविंदराव टेंबे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.